मुक्या जिवाचा भोग आणि आपला हात

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तमहाराजांच्या पायाशी चार श्वान आहेत, मागे गाय उभी आहे. मांजर त्या चित्रात कुठेच नाही. तेव्हा दत्तजयंतीच्या अंकात मांजराची गोष्ट कशाला, असं कुणाच्या मनात आलं तर नवल नाही. पण गेल्या मार्गशीर्षात एका म्हाताऱ्या मांजरीने मला जो प्रश्न घातला, त्याचं उत्तर शोधताना मला गुरुचरित्राकडेच वळावं लागलं, आणि तिथेच माझी चूकही कळली. ती चूक पुढे कुणा भक्ताच्या हातून होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

मनी आमच्या घरी सोळा वर्षं होती. मांजराचं सोळावं वर्ष म्हणजे माणसाची पंचाहत्तरी ओलांडलेली. परसातल्या सरपणाच्या ढिगात सापडलेलं पिलू, धान्याच्या पोत्यांवर राखण करत मोठं झालं. भाद्रपदात तिचं पाणी पिणं एकदम वाढलं. अंग वाळलं, पाठीचे मणके हाताला लागू लागले, तोंडाला वास येऊ लागला. रक्त तपासून घेतलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं संपत आली आहेत. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार फार आढळतो. गेलेलं मूत्रपिंड परत येत नाही. उरलेल्याला आधार द्यायचा आणि तिला जितकं बरं वाटेल तितकं वाटू द्यायचं, एवढंच हातात.

घरात तीन मतं झाली. आमच्या आईचं वय सत्त्याऐंशी. ती म्हणाली, "जित्या जिवाला सुई देऊन मारायचं न्हाय. मांजर मारलं तर सोन्याची मांजर काशीला न्यावी लागती." पुण्याची मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तिचे हाल करू नका. डॉक्टर झोपेचं इंजेक्शन देतात, तिला कळणारही नाही." आणि गल्लीतले एक जुने स्नेही म्हणाले, "मास्तर, कशाला जिवाला घोर लावून घेता? पोत्यात घाला आणि रुळापलीकडे सोडून या. तिचं ती बघंल."

खेड्यापाड्यांत आजवर हे तिसरं मतच जास्त चालत आलं, हे आपण कबूल केलं पाहिजे. मांजर मारायचं नाही, कारण पाप लागतं. पण ते मरेल अशा जागी सोडायला हरकत नाही, कारण तिथे आपला हात लागत नाही! आजारी, अंगात त्राण नसलेलं मांजर रानात सोडलं तर ते तहानेने मरतं किंवा कुत्र्यांच्या तोंडी जातं. आपल्या हाताला रक्त लागलं नाही म्हणून ते पाप देवाच्या वहीत चढत नाही असं कुणी समजू नये. देवाचं राहू द्या, सरकारच्या वहीतही ते चढतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० सालचा जो कायदा आहे, त्यात जनावराला उपासमारीने किंवा तहानेने वेदना होतील अशा स्थितीत सोडून देणं हा गुन्हा धरला आहे. म्हणून हा मार्ग आम्ही पहिल्याच दिवशी बाद केला. उरली आई आणि मुलगी. दोघींचीही मनीवर माया. दोघी एकमेकींच्या अगदी विरुद्ध.

गुरुचरित्राच्या तेराव्या अध्यायातली पोटशूळाच्या ब्राह्मणाची कथा पारायण करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अन्न पोटात गेलं की प्राणांतिक कळा, म्हणून तो जिवाला कंटाळून नदीत जीव द्यायला निघाला. श्रीगुरूंनी त्याला थांबवलं. आत्महत्या हे महापाप असं सांगितलं खरं, पण तेवढं सांगून त्याला तसाच कळा सोसायला परत पाठवलं नाही. सायंदेवाला सांगितलं, याला तुझ्या घरी नेऊन पोटभर जेवू घाल. अन्नाने याचा प्राण जाईल अशी सायंदेवाला भीती वाटली, पण गुरूंनी तेच अन्न औषध केलं. मला यातून एक क्रम दिसतो. दुखणाईत जीव समोर आला की मरणाचा विचार पहिला नव्हे. "भोग आहे, भोगू दे" हा तर विचारच नव्हे. पहिला विचार हा, की याला उतार कशाने पडेल.

तो आम्ही दीड-दोन महिने केला. डॉक्टरांनी सलाईन द्यायला शिकवलं. मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलायची आणि तिच्याखाली सुई घालून थोडं थोडं पाणी अंगात सोडायचं. आई-मांजर पिलाला जिथे धरून उचलते तीच ती जागा. माझा हात पहिल्या दिवशी थरथरला, मनीने मात्र अंग चोरलं नाही. खाणं कोमट करून, वास येईल असं करून पुढे ठेवायचं. घाण करायच्या जागेला उंच काठ नको, म्हणून जुन्या पत्र्याच्या ट्रेमध्ये माती घातली. निजायला चुलीजवळ गोधडी. एक गोष्ट मी मुद्दाम ठळक सांगतो, कारण ती माहीत नसल्याने चांगल्या मनाच्या माणसांकडून मांजरं मरतात. आपली ताप-अंगदुखीची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. ती त्यांना विष आहे, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. आणि मांजर ओरडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही असंही समजू नये. मांजर दुखणं लपवतं. कोपऱ्यात दडणं, अंग चाटायचं सोडून देणं, गोळा होऊन बसणं हीच त्याची भाषा. दुखत असतानाही ते घुरघुरतं.

मग प्रारब्धाचा प्रश्न. आईचं म्हणणं सोन्याच्या मांजरीपुरतं नव्हतं, त्यामागे विचार होता. "तिचा भोग तिला भोगून संपवू दे. मधी तोडलास तर उरलेला पुढच्या जन्मी तिलाच भोगावा लागंल." हे आपल्यापैकी पुष्कळांना मनातून पटतं. मलाही पटत असे. पण नीट पाहिलं तर हा युक्तिवाद फार पुढे जातो. भोग मधे तोडायचा नसेल तर सलाईन कशाला दिलं? चुलीजवळ गोधडी कशाला घातली? तीही भोगात ढवळाढवळच की! श्रीगुरूंनी त्या ब्राह्मणाचा शूळ का घालवला? कर्माचा सिद्धांत हा स्वतःच्या दुःखाकडे शांतपणे पाहायला दिलेला आरसा आहे. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवायला दिलेली ती भिंत नव्हे. आणि कुणाच्या प्रारब्धात काय लिहिलं आहे हे आपल्याला कुठे वाचता येतं? तिच्या प्रारब्धात यातना असतील, तशी एखाद्या हाताने होणारी सुटकाही असेल. भोगाचा हिशेब मांडणं आपलं काम नाही. आपलं काम आपली बुद्धी शुद्ध आहे की नाही हे तपासणं.

हे तपासणं फार कठीण, कारण जाळी दोन्ही बाजूंना पसरलेली असतात. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यातले निम्म्याच्या जवळपास प्राणी, पक्षी आणि कीटक आहेत. त्यातला कपोत, म्हणजे कबुतर, आठवा. पिलं पारध्याच्या जाळ्यात अडकली, त्यांच्यामागे मादीने उडी घेतली, मादीमागे नराने. अवधूत म्हणतात, अतिस्नेह हा असा घात करतो. मी स्वतःला विचारलं, मनी आणखी चार दिवस राहावी असं मला वाटतं ते तिच्यासाठी की माझ्यासाठी? सकाळी पूजेला बसलं की मांडीला घासून जाणारं ते ऊबदार अंग उद्या नसेल, याची भीती मला आहे, तिला नाही. हे एक जाळं. दुसरं जाळं उलट बाजूचं. रात्री तीनदा उठणं, ओकलेलं पुसणं, औषधाचा खर्च, सणासुदीला घरात येणारा वास. "आता सोडवू या तिला" असं म्हणताना त्यातलं "तिला" किती आणि "आम्हाला" किती?

या प्रश्नावर आपल्या देशात एकदा जाहीर वादळ उठलं होतं. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होतं. कूस बदलायचं त्राण त्याला उरलं नव्हतं. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा गांधीजींनी आश्रमातल्या जबाबदार मंडळींशी विचार करून, स्वतः समोर उभं राहून, त्याला सुई देववली. अहिंसेचा एवढा मोठा उपासक, आणि गोवंशातला जीव! संतापाची पत्रं आली. त्यांनी ते लपवलं नाही. 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया'मध्ये लेख लिहून सगळं मांडलं आणि असं करणं केव्हा विचारात घ्यावं याच्या चार अटी सांगितल्या. दुखणं बरं न होणारं असावं. संबंधित सर्वांनी जगण्याची आशा सोडलेली असावी. कोणतीही मदत किंवा सेवा उपयोगी पडण्यापलीकडे स्थिती गेलेली असावी. आणि त्या जिवाला आपली इच्छा सांगता येणं अशक्य असावं.

शेवटच्या अटीवर मी बराच वेळ थांबलो. माणसाला आपलं सांगता येतं. १९५५ साली कुंथलगिरीला आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली, १९८२ साली पवनारला विनोबांनी अन्न, पाणी, औषध नाकारून देह ठेवला. तो त्यांचा त्यांनी, पूर्ण शुद्धीत घेतलेला निर्णय होता. मनीला तसं ठरवता येत नाही. तिला "आणखी सोसते" म्हणता येत नाही, "आता पुरे" म्हणता येत नाही. म्हणून तिचा निर्णय आपल्यावर येतो, आणि न ठरवणं हेही ठरवणंच होतं.

ही गोष्ट माणसांना लावायची नाही, हेही स्पष्ट लिहितो, कारण माझे वाचक बहुतेक माझ्याच वयाचे आहेत. रुग्ण माणसाला सुई देऊन मरण देणं आपल्या कायद्याला मान्य नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र बरं होण्याची आशा संपल्यावर यंत्रांनी श्वास लांबवू नये असं आधी लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने मान्य केला आहे. मनीचं दुखणं चालू असताना आई एकदा सहज म्हणाली, "माझ्या नाकातोंडात नळ्या घालू नका रे बाबा. हितंच, देवासमोर राहू द्या." जे बोलायला आम्हाला वीस वर्षं धीर झाला नव्हता, ते त्या मांजरीच्या उशाशी बोलून झालं.

डॉक्टरांनी एक साधी युक्ती सांगितली होती. रोज रात्री दिवसाची खूण करायची. खाल्लं का, पाणी प्यायली का, स्वतःहून उठली का, अंग चाटलं का, जवळ आली का. चांगला दिवस आणि वाईट दिवस वेगळे टिपायचे. वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त झाले की मनाला फसवता येत नाही. आमचं केम कुंकवाचं गाव, घरात कुंकवाला तोटा नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चांगल्या दिवसावर मी कुंकवाचं बोट लावायचो, वाईट दिवसावर काजळाचं. अश्विनात पान लाल होतं. कार्तिकात मिसळ झाली. मार्गशीर्ष लागला आणि काळे ठिपके ओळीने पडू लागले.

आता माझी चूक. गुरुचरित्राचा सप्ताह बसला. दुसऱ्या दिवशी दहा ते एकवीस हे अध्याय असतात, म्हणजे तो तेरावा अध्याय त्याच दिवशी माझ्या वाचनात आला. वाचत होतो आणि पलीकडच्या खोलीत मनी रित्या पोटी उमासे देत होती. संध्याकाळी डॉक्टर येऊन पाहून गेले. म्हणाले, "सर, आता सलाईनचा उपयोग नाही. खाणं सुटलंय, तोंडात जखमा झाल्यात. वेळ आली आहे." मी म्हणालो, "सप्ताह चालू आहे. जयंती होऊ द्या. पारायणात असलं काही नको."

ते पाच दिवस मनी जगली. कशी, ते लिहीत नाही. मी सोवळ्यात बसून ओव्या म्हणत होतो, आणि माझं पारायण अभंग राहावं म्हणून तिचे पाच दिवस खर्ची पडत होते. तेव्हा ते मला तसं दिसलंही नाही. मी संयम पाळतो आहे असंच मला वाटत होतं.

पौर्णिमेला पाळणा झाला, प्रसाद वाटला. रात्री दिनदर्शिकेवर काळं बोट लावताना मला एकनाथ महाराज आठवले. जनार्दनस्वामींचे शिष्य, म्हणजे आपल्याच दत्तपरंपरेतले. रामेश्वराला घालायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ओतली. रामेश्वर इथेच पोचला, असं त्यांना वाटलं. ही कथा मी शाळेत तीस वर्षं मुलांना सांगितली. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी कावड जपली, गाढवाला म्हणालो, थांब, आधी रामेश्वराला जाऊन येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. आधी गुंगीची सुई दिली. मनी माझ्या मांडीवर होती, कितीतरी दिवसांनी तिचं अंग सैल पडलं. मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. दोन-तीन मिनिटांत छातीचं हलणं थांबलं. त्या औषधाचा अंश देहात राहतो, म्हणून परसात कडुलिंबाखाली चांगला खोल खड्डा घेतला आणि वर दगड रचले, कुत्र्यांनी उकरून त्यांना बाधा होऊ नये म्हणून. दत्ताच्या दारातले ते जीवही आपलेच.

आई ओसरीवर बसून होती. तिने विचारलं, "कळवळली न्हाय ना?" मी "नाही" म्हणालो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग बास." सोन्याच्या मांजरीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. पण तिला माझं पटलं, असंही मी म्हणत नाही.

आज कुणी मला विचारलं, तुम्ही केलंत ते पाप की पुण्य, तर मला एकच उत्तर देता येतं. सुईचा सल मला नाही. सल त्या पाच दिवसांचा आहे. आणि ज्याचं मन सुईला मुळीच तयार होत नाही, त्यालाही मी दोष देणार नाही. मात्र त्याने वेदना कमी ठेवण्याचं औषध डॉक्टरांकडून घ्यावं, रात्री उठावं, पुसावं, जवळ बसावं, आणि ते सगळं करूनही तळमळ थांबत नसेल तर आपल्या पापभीतीची किंमत कोण मोजतं आहे हे एकदा पाहावं. भिऊन पाळलेली अहिंसा ही बहुतेक वेळा स्वतःला जपणंच असते.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी अहिंसेचं वर्णन करताना एक दृष्टांत दिला आहे. मायेने पिलू तोंडात धरावं आणि त्याला दातांची टोकं जशी हळुवार लागतात, तसं अहिंसक माणसाचं पाऊल जमिनीवर पडतं. दात तेच असतात. शिकारीला रुततात, पिलाला रुतत नाहीत. फरक दातांत नाही, धरण्यात आहे. आपल्या हाताचंही तसंच. तोच हात सोडून देतो, तोच लांबवत बसतो, तोच सोडवतो. मुका जीव आपल्या घरात आला त्या दिवशीच तो आपल्या तोंडात आला. त्याला शेवटपर्यंत न्यायचं आहे, आणि दात रुतू द्यायचा नाही.

यंदाचा सप्ताह जवळ आला आहे. दुसऱ्या दिवशी तेरावा अध्याय येईल. या वेळी वाचताना मी कान पलीकडच्या खोलीकडेही ठेवणार आहे. तिथे आता आई झोपते.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥